मुलांची बाजू मांडण्याचे काम
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

बी. ए. झाल्यावर पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांना घरी, एस. टी.त आणि लग्नकार्यात विचारला जातो. त्याची ठरावीक उत्तरेही आपल्याजवळ तयार असतात : शिक्षक भरती, पोलीस भरती, बँक, स्पर्धा परीक्षा. मीही आजवर यांपैकीच एखादे उत्तर देऊन वेळ मारून नेत असे. यंदा मात्र समाजशास्त्राच्या सरांनी ‘संज्ञापन आणि सामाजिक धोरण’ या विषयावर स्वाध्याय लिहावयास सांगितला, आणि आमच्या गावात ज्याला नावही नाही अशा एका कामाची मला ओळख झाली.

हे काम म्हणजे मुलांची बाजू मांडण्याचे काम. मूल मत देत नाही, मोर्चा काढत नाही, संघटना बांधत नाही. त्याने किती वेळ शाळेत बसावे, किती वेळ राबावे, त्याला दूध मिळावे की नाही, हे सारे मोठी माणसे ठरवितात; आणि ठरविताना मूल समोर नसते. म्हणून मुलांची खरी स्थिती स्वतः जाऊन पाहणारा, ती तपासून घेणारा आणि लेखाने, छायाचित्राने, भाषणाने किंवा अहवालाने ती निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचविणारा कोणीतरी लागतो. दयाळू माणसे हे काम फावल्या वेळात करतात एवढे मला माहीत होते. परंतु पगार घेऊन, शिस्तीने, वर्षानुवर्षे ते व्यवसाय म्हणून करता येते, ही गोष्ट मला नवीन होती.

सरांनी मला या संदर्भात अमेरिकेतील ल्यूइस हाइन यांचे नाव सांगितले. प्रस्तुत लेखात हाइन यांच्या कार्याचा परिचय करून देण्याचा, आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने त्यातून काय घ्यावे ते पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र त्याआधी या विषयाशी माझा संबंध काय, ते सांगितले पाहिजे.

छायाचित्र आणि तक्ता

माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ते कारखान्याच्या भागात जातात आणि गाळप हंगाम संपला की परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यात मुलांची मोजदाद नसते. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जात असे. वाढे गोळा करणे, पाणी आणणे आणि पाचटावर निजविलेल्या धाकट्या भावाला सांभाळणे ही माझी कामे. शाळेचे दप्तर कोपीच्या मेढीला टांगलेले असे.

एके दिवशी फडात काही पाहुणे आले. त्यांच्यापैकी एकाने भावाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माझे छायाचित्र काढले, दोन गोळ्या दिल्या, आणि मंडळी निघून गेली. माझे नाव त्यांनी विचारले नाही. पुढे ते छायाचित्र एका छापील पत्रकावर आले. एका ट्रॅक्टरवाल्याने ते फडात आणून वाचून दाखविले. नाव भलतेच होते आणि ही मुलगी आईबापांविना वाढते आहे, असे त्याखाली छापले होते. आई शेजारीच मोळी बांधीत होती. ती एवढेच म्हणाली, “म्हंजी म्या मेले व्हय गं?”

ते पत्रक वाचून शहरातील कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलेही असेल. आमच्या कोपीपर्यंत मात्र त्यातले काही आले नाही.

पुढच्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झाले. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत अशा मुलांची हंगामापुरती जेवणाची सोय त्यात होती. मी आजीजवळ राहू लागले. यादीत नाव घालण्यासाठी गुरुजी दोनदा घरी आले. त्यांनी माझे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, आईवडील कोणत्या महिन्यात जातात व कधी परततात, हे सर्व एका तक्त्यात लिहून घेतले. कोणाला रडू यावे असे त्या तक्त्यात काहीच नव्हते. पण त्या तक्त्यामुळे माझी शाळा सुटली नाही, आणि आज मी हा लेख लिहीत आहे.

हाइन यांच्याविषयी वाचताना हे छायाचित्र आणि हा तक्ता, दोन्ही सारखे माझ्या मनात होते.

शिक्षकाच्या हाती कॅमेरा

ल्यूइस विक्स हाइन यांचा जन्म १८७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉश या गावी झाला. १८९२ साली वडील अपघातात वारले आणि घराचा भार या मुलावर येऊन पडला. फर्निचरच्या एका कारखान्यात दिवसाचे तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस काम करून त्यांना आठवड्याला चार डॉलर मिळत. मिळेल ते काम करीत ते शिकले, शिक्षक झाले आणि १९०१ साली न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिकवू लागले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी अध्यापनाचे साधन म्हणून त्यांच्या हाती कॅमेरा दिला. १९०४ पासून ते न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासित व स्थलांतरितांची छायाचित्रे काढू लागले.

त्याच वर्षी, म्हणजे १९०४ साली, तेथे ‘नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी’ म्हणजे राष्ट्रीय बालमजुरी समिती स्थापन झाली होती. १९०० सालच्या अमेरिकन जनगणनेत १० ते १५ वर्षे वयाची साडेसतरा लाख मुले कमावती असल्याची नोंद झाली होती. दक्षिणेतील कापडगिरण्यांत, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींवर, काचेच्या कारखान्यांत, मासळी डब्यांत भरण्याच्या शेडमध्ये ही मुले राबत होती. आकडा सर्वांना ठाऊक होता, पण आकडा ऐकून माणूस क्षणभर हळहळतो आणि विसरतो. त्या आकड्याला चेहरा देणे आवश्यक होते. १९०८ साली समितीने हाइन यांना नेमले, आणि शाळेतील नोकरी सोडून ते पूर्ण वेळ या कामाला लागले. पुढील दहा वर्षांत त्यांनी समितीसाठी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. ती आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली असून कोणालाही पाहता येतात.

बटणांची मोजपट्टी

कारखान्याचे मालक अशा माणसाला आत येऊ देणार नाहीत हे उघड होते. म्हणून हाइन यांना कधी अग्निशामक निरीक्षक, कधी चित्रपत्रे विकणारा, कधी बायबल विकणारा, तर कधी केवळ यंत्रांची छायाचित्रे घेणारा असे सोंग घ्यावे लागे. यंत्र केवढे आहे ते कळावे म्हणून एखाद्या मुलाला शेजारी उभे राहावयास सांगावे आणि छायाचित्र घ्यावे, अशी त्यांची युक्ती असे. कॅमेरा म्हणजे जड लाकडी पेटी, आणि अंधाऱ्या शेडमध्ये उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. दुसऱ्यांदा संधी मिळेलच असे नसे.

परंतु छायाचित्र घेणे हे त्यांच्या कामाचे अर्धेच अंग होते. दुसरे अर्धे त्यांच्या खिशात होते. खिशातल्या खिशात ते कागदावर टिपणे करीत. आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंचीवर येते ते त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. मूल जवळ येऊन उभे राहिले की ते कोणत्या बटणापर्यंत पोहोचते एवढे पाहिले की त्याची उंची कळे. ही खटपट एवढ्यासाठी की मुलांच्या वयाचे दाखले पुष्कळदा खोटे असत. पोटासाठी आईबापच वय वाढवून सांगत. कागदावरचे वय वाढविता येते, उंची वाढविता येत नाही. शक्य तेथे ते घरच्या बायबलात लिहिलेली जन्माची नोंदही पाहून घेत.

१९०८ साली साउथ कॅरोलिनातील लँकेस्टर येथील कापडगिरणीत त्यांनी घेतलेले सेडी फायफर या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. चात्यांच्या दोन लांबच लांब रांगांमध्ये ती एकटी उभी आहे. तिची उंची ४८ इंच असल्याचे त्याखालील टिपणात आहे. जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील पिट्स्टन येथे घेतलेल्या छायाचित्रांत कोळशातून दगड वेचणारी मुले ओळीने वाकून बसली आहेत आणि सर्वत्र कोळशाची धूळ भरली आहे. दुसऱ्याच महिन्यात मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे मॅन्युएल नावाचा पाच वर्षांचा कोळंबी सोलणारा मुलगा त्यांना भेटला. त्याला इंग्रजीचा एक शब्दही कळत नव्हता. अशा टिपणांत मुलाचे नाव, वय, गाव व तारीख, आणि मिळेल तेथे कामाचे तास, मजुरी व शाळेसंबंधी माहिती नोंदलेली असते. ‘बिचारा’, ‘अभागी’ असे शब्द तेथे क्वचितच आढळतात.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण उघड आहे. ही छायाचित्रे बनावट आहेत असे म्हणण्याची मालकांची तयारी होतीच. एक नाव किंवा एक वय खोटे ठरले असते, तर उरलेल्या हजारो मुलांची साक्ष बाद झाली असती. १९०९ साली बफेलो येथील समाजकार्याच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानात हाइन यांनी स्वतःच हा धोका सांगितला होता. छायाचित्र खोटे बोलत नसले तरी खोटे बोलणारा माणूस छायाचित्र काढू शकतो. म्हणून लोकसेवेसाठी कॅमेरा वापरणाऱ्याने अधिकच जपले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे वाचले तेव्हा मला आमच्या फडातील तो पाहुणा आठवला.

आणखी एक गोष्ट मला जाणवली. हाइन यांच्या छायाचित्रांतील पुष्कळशी मुले सरळ आपल्याकडे पाहतात. ती दीनवाणी दिसत नाहीत. कोणी ऐटीत उभा आहे, कोणी रागाने पाहतो आहे. ती काम करणारी माणसे आहेत, फक्त वयाने फार लहान आहेत, एवढेच ते छायाचित्र सांगते. आणि तेवढे पुरते.

छायाचित्रापासून कायद्यापर्यंत

ही छायाचित्रे कपाटात पडून राहिली असती तर त्यांचा काही उपयोग झाला नसता. समितीने ती नियतकालिकांत छापली, पुस्तिका काढल्या, फलकांवर चिकटवून गावोगावी प्रदर्शने भरविली, पडद्यावर दाखवून व्याख्याने दिली. यांतील कित्येक फलकांची मांडणी हाइन यांचीच होती. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. हाइन एकटे नव्हते. समितीत तपासनीस होते, वकील होते, विधिमंडळांत खेटे घालणारे होते, आणि ओवेन लव्हजॉय यांच्यासारखे चिवट सचिव होते. एकाने पाहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने कायद्याच्या भाषेत लिहावे, अशी ही कामाची वाटणी होती.

या प्रयत्नांचे फळ केव्हा मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. १९१२ साली मुलांच्या स्थितीची पाहणी करणारे सरकारी ‘चिल्ड्रन्स ब्यूरो’ स्थापन झाले व ज्यूलिया लॅथ्रप या त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९१६ साली कीटिंग-ओवेन कायदा झाला. १४ वर्षांखालील मुले कारखान्यात, किंवा १६ वर्षांखालील मुले खाणीत राबवून तयार केलेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविण्यास त्याने बंदी केली. १४ ते १६ वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासांहून अधिक किंवा रात्री राबविणाऱ्या कारखान्यांच्या मालालाही तीच बंदी होती. परंतु जून १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा घटनाबाह्य ठरविला.

हा दावा लावणारा कोणी गिरणीमालक नव्हता. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे गिरणीत काम करणाऱ्या डॅगनहार्ट नावाच्या एका बापाने, आपल्या मुलांना काम करू द्यावे म्हणून तो लावला होता. त्यामागे गिरणीमालकांचे बळ होते हे खरे. पण नाव बापाचे होते. त्यातील एक मुलगा, रूबेन, याला काही वर्षांनी एका पत्रकाराने शोधून काढले. त्या खटल्यातून आपल्याला मोटारीतली एखादी फेरी आणि शीतपेय याखेरीज काही मिळाले नाही, तो कायदा टिकला असता तर बरे झाले असते, आपल्याला शिकावयास मिळाले असते, असे त्याने सांगितले. मला या सर्व इतिहासात रूबेनचे हे बोलणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. न्यायालयात मुलाच्या नावाने दोन्ही बाजू बोलल्या. मुलाला मात्र सर्व संपल्यावर विचारले गेले.

१९१९ साली कराच्या मार्गाने केलेला दुसरा कायदाही १९२२ मध्ये रद्द झाला. १९२४ साली काँग्रेसने घटनादुरुस्ती संमत केली, पण तिला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली नाही. शेवटी १९३८ साली ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ झाला, आणि ३ फेब्रुवारी १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. हाइन यांना तो दिवस दिसला नाही. उतारवयात काम मिळेनासे झाले, राहते घर गेले, आणि बरोबर तीन महिने आधी, ३ नोव्हेंबर १९४० रोजी, ते निवर्तले. पहिल्या छायाचित्रापासून टिकाऊ कायद्यापर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

साखर आणि कोयता

स्वाध्यायासाठी छायाचित्रे पाहताना एके ठिकाणी मी थांबले. १९१५ साली हाइन कोलोरॅडो राज्यात गेले होते. तेथे साखर उसापासून नव्हे, तर बीट या कंदापासून करतात. बीट उपटायचे, झटकायचे आणि त्याचा पाल्याकडचा भाग सुऱ्याने छाटायचा, हे काम मजुरांची अख्खी कुटुंबे करीत. त्या लांब सुऱ्याच्या टोकाला आकडा असे. आकड्याने कंद उचलायचा, गुडघ्याशी धरायचा आणि घाव घालायचा. सहा-सात वर्षांची मुलेसुद्धा हे करीत आहेत आणि हंगामात शाळेला मुकत आहेत, असे हाइन यांच्या टिपणांत आहे. हंगाम, साखर, अख्खे कुटुंब आणि रिकामा वर्ग! गावाचे नाव झाकले असते तर हे वर्णन आमचेच आहे असे मी म्हटले असते.

दुर्दैवाने या मुलांना सर्वांत कमी संरक्षण मिळाले. १९१६ चा कायदा कारखाने व खाणींपुरता होता आणि १९३८ च्या कायद्यातही शेतीला सवलत राहिली. आजही त्या देशात १२ वर्षांचे मूल पालकांच्या संमतीने, शाळेच्या वेळेबाहेर शेतावर मजुरी करू शकते. कारखान्याला भिंती असतात, फाटक असते, हजेरीपट असतो; तेथे निरीक्षक जाऊ शकतो. शेतातले मूल ‘आईबापांना मदत करते’ असे म्हटले की प्रश्न संपतो.

आपल्याकडील स्थिती याहून फार वेगळी नाही. आपल्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने १४ वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी आहे. १९८६ साली बालमजुरीविरोधी कायदा झाला व २०१६ साली तो कडक करून १४ वर्षांखालील मुलांना बहुतेक सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी घालण्यात आली. मात्र शाळा सुटल्यावर व सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. फडातील मुलाला कोणी ‘कामावर ठेवलेले’ नसते. उचल बापाच्या नावावर, कोयता दोघांचा, आणि वाढे वेचणारी मुलगी कोणाच्याच वहीत नाही. जी वहीत नाही तिच्यासाठी कायदा चालत नाही. म्हणून गुरुजींचा तो तक्ता मला एवढा मोलाचा वाटतो.

नाव चुकलेली मुलगी

हाइन यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९१० मध्ये व्हरमाँट राज्यातील नॉर्थ पाउनाल येथील गिरणीत त्यांनी ॲडी कार्ड या मुलीचे छायाचित्र घेतले. अनवाणी पाय, मळका झगा, यंत्रावर टेकलेला हात. शाळेच्या सुट्टीत कामाला लागले आणि आता येथेच राहणार, असे तिने त्यांना सांगितले होते. १९९८ साली अमेरिकन टपाल खात्याने या छायाचित्राचे तिकीट काढले. पण मधल्या काळात तिचे आडनाव चुकीचे रूढ झाले होते. पुढे काही अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा ती १९९३ पर्यंत, नव्वदी ओलांडून जगल्याचे कळले. आपले बालपणीचे छायाचित्र देशभर प्रसिद्ध आहे, हे तिला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते.

म्हणजे इतक्या काळजीने केलेल्या नोंदीतूनही मूल निसटले. छायाचित्र राहिले, मुलगी हरवली. समितीच्या एका फलकावर कारखान्यात शिरणारी चांगली मुले आणि बाहेर पडणारा ‘मानवी भंगार’ अशी मांडणी होती. मालकांना लाज वाटावी हा हेतू चांगला होता. पण आपल्याला भंगार म्हटलेले त्यातील एखाद्या मुलाला रुचले असते का?

आता या बाबतीत कायदाही पुढे आला आहे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रकरणाच्या वृत्तात प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अत्याचारांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यातही अशी तरतूद आहे. तेव्हा हाइन यांची पद्धत जशीच्या तशी आज उचलता येणार नाही. नोंद अचूक असावी, प्रसिद्धी जपून असावी, असा मेळ आता घालावा लागेल.

आपली परंपरा

हे सारे परदेशातले आहे असे कोणी समजू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते मुलांच्या वतीने धोरणकर्त्यांशी केलेले संज्ञापनच होते. रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, हे दाखवून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. नामदार गोखले यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. २००२ साली शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुले यांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे झाली! हाइन यांची तीस वर्षे यापुढे थोडीच म्हणावयाची.

या कामासाठी काय हवे?

आज हे काम करावयाचे तर त्यासाठी वाटा आहेत. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यासाठी ओळखली जाते. पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. १९४६ साली स्थापन झालेल्या युनिसेफपासून तालुक्यातील लहान संस्थांपर्यंत अनेक ठिकाणी पाहणी, अहवाललेखन व प्रसिद्धी यांसाठी माणसे लागतात. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले बालहक्क आयोग आहेत. माझ्या अभ्यासावरून मला अशा कार्यकर्त्यासाठी चार गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, अचूकता. मुलाचे नाव, वय आणि इयत्ता चुकली तर पुढचा सारा कळवळा फुकट आहे. दुसरी, अनेक भाषांत बोलण्याची तयारी. येथे भाषा म्हणजे मराठी-इंग्रजी एवढेच नव्हे. तीच गोष्ट आईला समजेल अशी, वर्तमानपत्रात छापता येईल अशी आणि सचिवाच्या टेबलावर एका पानात मावेल अशी, तीन प्रकारे लिहिता आली पाहिजे. तिसरी, चिकाटी. कायदा होतो, रद्द होतो, पुन्हा होतो, आणि झाल्यावरही अंमल होत नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे मुलाला विचारणे. रूबेनला कोणी वेळेवर विचारले नाही, ॲडीला तिचे छायाचित्र कोणी दाखविले नाही, आणि मला माझे नाव कोणी विचारले नाही.

गरिबीतून आलेल्या विद्यार्थ्यांना येथे एक लाभ आहे, असे मला वाटते. पाचटाने पाय कसे कापतात ते आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण केवळ सोसले म्हणून मांडता येते असे नाही. त्यासाठी शिकलेच पाहिजे. हाइन यांनी कारखान्यात काम केले होते हे खरे, पण बटणांची उंची त्यांनी मोजून घेतली होती.

समारोप

या हंगामाला निघण्यापूर्वी वडिलांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी त्यांना हाइन यांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी बिडी विझेपर्यंत ऐकली आणि विचारले, “ह्या कामाला पगार असतो का?” मी म्हटले, “असतो आण्णा, पर थोडा.” ते म्हणाले, “अन् त्या मानसाचं घर गेलं म्हनतीस?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. तरीही माझा विचार बदललेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या वस्तीवरील, आईबापांबरोबर फडावर जाणार असलेल्या मुलांची यादी केली. घरोघरी जाऊन पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, घरी सांभाळणारे कोणी आहे की नाही, हे लिहून घेतले. अशी २३ मुले निघाली. यादीची एक प्रत मी शाळेत मुख्याध्यापकांना दिली. त्यांतील ९ मुलांना यंदा मागे ठेवून घेता आले. १४ मुले गेली. काम किती उरले आहे ते यावरून कळते.

गुरुजींच्या तक्त्याहून माझ्या तक्त्यात एक रकाना अधिक आहे : मुलाचे स्वतःचे म्हणणे. तिसरीतल्या एका मुलीला मी विचारले, तुझ्याविषयी काय लिहू? तिने थोडा विचार केला आणि सांगितले, “लिही, मला पाढे सतरापर्यंत येतात.” मी तसेच लिहून घेतले आहे.